वन्संचे केस, ह्यांचा सदरा

सोमवार, ६ जानेवारी

आज घरात आलं ते असं. अंगाचा साबण, दोन वड्या, पंधरा. केस धुण्याची पावडर, एक पुडा, बावीस. गरम पाण्याची रबरी पिशवी, साठ. न्हाणीत बसायला लाकडी स्टूल, सुताराकडून, चाळीस (पन्नास म्हणत होता). टॉवेल एक, पांढरा, जाड, अंगभर मोठा, पार्सलनं मागवलेला, टपालखर्च धरून एकशे ऐंशी. आमच्या घरात आजवर एवढ्या किमतीचा टॉवेल कुणी पाहिलेला नाही. हे म्हणाले, "पांघरायचा आहे का हा?"

आणि दुपारच्या बसनं वन्सं. त्यांना कुठल्या रकान्यात मांडावं ते कळेना, म्हणून खाली लिहिते.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मुलींच्या वसतिगृहाच्या मुख्य होत्या जन्मभर. लग्न केलं नाही, कुणाच्या मिंध्या राहिल्या नाहीत. निवृत्त झाल्यापासून दोन तासांवरच्या गावी दोन खोल्यांत एकट्या राहतात. माळ्यावरची ट्रंक काढताना पडल्या आणि उजवा खांदा मोडून घेतला. हात गळ्यात बांधलेला, तरी बसमधून उतरल्या त्या पाहणीला आल्यासारख्या. मी पिशवी घ्यायला पुढं झाले तर म्हणाल्या, "राहू दे, एक हात आहे अजून शाबूत."

पिशवी उघडून आधी काय केलं असेल, तर केसांच्या पिना मोजल्या. मग रुंद दातांची शिंगाची फणी उशाशी ठेवली. त्यांचे केस सोडले तर गुडघ्याच्या खाली जातात, या वयातसुद्धा. काळ्यापांढऱ्याची मिसळ झाली आहे, पण दाट तसेच. आता एका हातानं ते कसे आवरणार? म्हणून तर आल्या. नाहीतर आल्या असत्या होय!

मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "मॅट्रिकच का? पुढं काय झालं?" जणू माझी बस वाटेत बंद पडली. मी विसरले नाही. पण पडत्या माणसाला आसरा द्यायची संधी देवानं दिली, त्याचे आभार. हिशेबाखाली आभाराची एक ओळ लिहायची माझी लग्नाआधीपासूनची सवय आहे. आज ही एवढी पुरे.

मंगळवार, ७ जानेवारी

धान्याचे डबे हलवून मागची खोली वन्संना दिली. खिडकीतून ऊन चांगलं येतं.

नवा टॉवेल धुतला आणि चादरींबरोबर त्यालाही दाट खळ घातली. आमच्या आईचं म्हणणं असे, बिनखळीचं कापड आणि बिनकण्याचं माणूस सारखंच. पाहुण्या माणसाला लिबलिबीत टॉवेल देणं म्हणजे घराची शोभा. वाळल्यावर असा कडक झाला की कोपऱ्यात उभा केला तर उभा राहिला. ह्यांना दाखवला. हे म्हणाले, "त्याला खुर्ची दे बसायला."

आभार: ऊन पडलं.

रविवार, १२ जानेवारी

आज पहिल्यांदा वन्संचे केस धुतले. लिहिताना दंड दुखताहेत.

एवढे केस धुणं म्हणजे घोंगडी धुण्यासारखं. पाणी पिऊन इतके जड होतात की दोन्ही हातांनी तोलावे लागले. धुऊन झाल्यावर मी ते पिळले, घट्ट, चादर पिळते तसे. मग नव्या टॉवेलनं खसाखसा पुसले, डोक्याच्या वरपासून टोकापर्यंत. कामचुकारपणा माझ्या अंगात नाही. मग त्यांना पुढं वाकायला सांगून सगळे केस टॉवेलात गुंडाळून वर डोक्यावर बांधले. वाकताना खांदा दुखला असावा, तोंड आवळलं त्यांनी.

एक शब्द बोलल्या नाहीत. डोळे मिटून ताठ बसलेल्या, दंतवैद्याकडे बसतात तशा. "बरं वाटतंय का?" विचारलं तर म्हणाल्या, "तुला बरं वाटतंय ना? मग झालं." याला काय म्हणावं? एकशे ऐंशीचा टॉवेल, त्यावर माझी मेहनत, आणि दोन गोड शब्द नाहीत. वसतिगृहातल्या मुली कशा राहिल्या असतील कोण जाणे.

टॉवेलवर पुष्कळ केस तुटून आले. वयाचं असणार. संध्याकाळ झाली तरी मुळं ओलीच, तसाच अंबाडा घातला. रात्री शिंकत होत्या.

आभार: पाणी पुरलं. आणि माझी जीभ मी आवरली.

रविवार, १९ जानेवारी

पुन्हा केस धुतले. मधल्या दिवसांत टॉवेल धुऊन पुन्हा खळ घातली होती, या खेपेला अंमळ जास्तच, कारण मागच्या वेळी जरा मऊ पडला असं मला वाटलं.

आज केस पुसताना वन्संनी डाव्या हातानं स्टुलाची कड धरली होती. बोटं पांढरी पडलेली. कपाळावरचे बारीक केस तुटून उभे राहिलेत, कानामागं लाल झालंय. टॉवेल डोक्यावर बांधून बसवलं तर थोड्या वेळानं म्हणाल्या, "वहिनी, मान जाते आहे." स्वतःहून काही मागितलं ते एवढंच. मी लगेच सोडला. ओला टॉवेल आणि त्यात ते केस, पाण्याच्या कळशीएवढं ओझं झालं होतं.

फरशीवरचे केस गोळा केले तर लिंबाएवढा गोळा झाला. तो केरात टाकायला हात होईना. का होईना, मला सांगता येणार नाही. कागदात बांधून फडताळात ठेवला आहे. माझं आपलं काहीतरीच.

मंगळवार, २१ जानेवारी

हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो तिघं. डॉक्टर तरुण आहेत, घाईत असतात. खांद्याचं पाहून झाल्यावर मान दाबून पाहिली आणि म्हणाले, "आजी, या डोक्यावर एवढा भार कशाला? केस कापून टाका. मानेला आराम, खांद्याला आराम, घरच्यांनाही आराम."

"आजी कुणाला म्हणतोस रे?" वन्सं म्हणाल्या. मग जरा थांबून, "कापते."

बस्स, एवढंच. भाजीचा देठ कापायचा असावा तसं. बसमध्ये ह्यांनीही मान डोलावली, "ताई, शहाणपणाचंच आहे. हिचाही त्रास वाचेल."

माझा त्रास! मला कुणी विचारलं? खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पाणी वाचेल, पावडर वाचेल, रविवारची दुपार वाचेल. घरी येऊन बटाटे सोलताना बोट कापून घेतलं.

गुरुवारी केस कापणाऱ्या बाई घरी येणार. घरी येण्याचे त्या जास्त घेतात.

आभार आज सुचत नाहीत. देवा, उद्या दोन लिहीन.

गुरुवार, २३ जानेवारी

आजचं सगळं नीट क्रमानं लिहून ठेवते, कारण मला माझंच हसू येतंय आणि रडूही.

केस कापणाऱ्या बाई अकराला आल्या. जाड, हसऱ्या, हातात कात्र्यांची पेटी. वन्संना मागच्या खोलीत खिडकीजवळ बसवलं, वेणी सोडली. बाईंनी केस हातावर घेतले आणि म्हणाल्या, "अगबाई! हे कापायचे? मला पाप लागेल."

"पाप मी लावून घेते," वन्सं म्हणाल्या, "तुम्ही कात्री चालवा."

"मानेपर्यंत की आणखी वर?"

"जिथं वहिनीला सोयीचं पडेल तिथं."

बाईंनी कात्री काढली. उन्हात ती चमकली आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. धूळ असणार, खिडकीच्या पडद्याची. हाताशी टॉवेल होता, वन्संच्या खांद्यावर घालायला आणलेला, म्हणून त्यानंच डोळे पुसले.

आई गं! पापणी सोलवटून निघाली. सुतारानं गालावरून काचकागद फिरवावा तसं झालं. मी टॉवेलकडे पाहिलं, पुन्हा गालावर घासून पाहिला. मग वन्संच्या कपाळावरचे तुटके केस पाहिले, कानामागची लाली पाहिली. मी खाली बसले.

"थांबा," मी म्हणाले. "बाई, थांबा. कात्री मिटा."

"काय झालं?" दोघी एकदम.

"वन्सं, हा टॉवेल... याला मी खळ घातली आहे. दोन्ही वेळा. चांगली दाट."

वन्सं म्हणाल्या, "माहीत आहे मला."

"माहीत आहे? मग बोलला का नाहीत?"

त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुला तसंच हवं असेल."

मी काय त्यांना शिक्षा म्हणून... देवा, मी पाहुणीचा मान म्हणून घातली हो! तसं म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले, पण "मान" शब्दाच्या पुढं गाडी सरकेना. वन्संनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. हसताना खांदा दुखतो, म्हणून "आई गं" म्हणत होत्या आणि तरी हसत होत्या. "मान! अगं, या मानानं माझी मान गेली होती!" केस कापणाऱ्या बाईंना काही कळलं नाही, पण त्याही हसायला लागल्या, हसऱ्याच आहेत त्या.

केस कापायचे नाहीत असं मी सांगितलं. वन्सं म्हणाल्या, "आणि डॉक्टर?" मी म्हणाले, "डॉक्टरांना मानेवरचा भार नको आहे. भार मी बघते." हे मी कुठल्या बळावर म्हणाले, देव जाणे.

राहिले बाईंचे येण्याचे पैसे. ते तर द्यायचेच होते. म्हणून ह्यांना हाक मारली आणि खुर्चीवर बसवलं. हे म्हणाले, "माझ्या डोक्यावर कापायला आहे काय?" बाई म्हणाल्या, "शोधते." कानांवरचे चार केस कापले, मिशी सारखी केली. वन्सं म्हणाल्या, "लहानपणी याच्यापेक्षा माझ्या बाहुलीला जास्त केस होते."

आभार दोन लिहायचे होते, एक परवाचा थकलेला. पहिला: कात्री मिटली. दुसरा: पडद्याला धूळ होती.

शनिवार, २५ जानेवारी

टॉवेल रात्रभर कोमट पाण्यात भिजवून खळ काढली, चारदा खळबळला. मऊ झाला, पण नवेपणा आहे अजून, पाणी वरच्या वर राहतं, आत जात नाही. जड तर आहेच. तेव्हा केसांना दुसरं काही हवं. मऊ, हलकं, धुऊन धुऊन जुनं झालेलं.

घरात असं एकच कापड आहे. ह्यांचा निळ्या रेघांचा सुती सदरा. कॉलर दोनदा उलटून शिवली आहे, कोपरं विरली आहेत, पण सुट्टीच्या दिवशी हे दुसरं काही अंगात घालत नाहीत. मी त्यांना विचारलं नाही. विचारलं तर नाही म्हणाले असते आणि मग घेतला असता तर ते बंड झालं असतं. आता नुसतंच घेणं झालं.

रविवार, २६ जानेवारी

आज कसं केलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी विसरायला नको.

न्हाणीत केस पिळले नाहीत. दोन तळहातांत थोडे थोडे धरून वरून खाली नुसते दाबत आणले, पाणी आपोआप निथळतं. मग वन्संना बैठ्या खुर्चीत टेकून बसवलं, वाकायला सांगितलं नाही. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, त्यावर सदरा उघडा पसरला, बटणं काढून. (बटणं गुंततात. ती मी कापून डबीत ठेवली आहेत.) केस सगळे मागं सदऱ्यावर सोडले, सरळ, हातानंच. मग सदऱ्याच्या दोन्ही बाजू केसांवर आणून पाखं मिटल्यासारख्या मिटल्या आणि वरूनच दाबत गेले. घासायचं नाही. तान्ह्या मुलाला टिपतात तसं टिपायचं. एक बाजू ओली झाली की दुसरी. पाणी असं शोषलं त्या जुन्या कापडानं, की मी ह्यांच्या सदऱ्याचे मनात आभार मानले.

मग डोक्यावर काहीच बांधलं नाही. केसांसकट सदऱ्याची सैलसर लांब गुंडाळी केली, खाली बाह्यांची गाठ मारली, आणि ती गुंडाळी डाव्या खांद्यावरून पुढं घेऊन त्यांच्या मांडीवर ठेवली. भार मांडीवर, मानेवर काही नाही. मांडीवर मांजर घेऊन बसल्यासारख्या दिसत होत्या.

तेवढ्या वेळात मी माझी प्रार्थना म्हटली, सावकाश. मग गाठ सोडली, केस खिडकीतल्या उन्हाकडे खुर्चीवर पसरले, आणि फणी खालून धरली. आधी टोकं, मग त्याच्या वर, मग आणखी वर. गुंता आला की थांबायचं, बोटांनी सोडवायचा. फणीला चार दोन केस आले, बस्स.

वन्सं डोळे मिटून होत्या. पण आज ताठ नव्हत्या. मान एका बाजूला कलली होती. मला वाटलं, झोपल्या. तर म्हणाल्या, "आई गेली तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतर माझ्या डोक्याला दुसऱ्याचा हात लागला नाही. वसतिगृहात शंभर मुलींच्या वेण्या घातल्या मी. माझी कुणी घालायची नाही, असा नियमच होता."

"कुणाचा नियम?"

"मीच केलेला."

मी फणी फिरवत राहिले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुझी प्रार्थना तिसऱ्या ओळीत चुकते."

चारच्या सुमारास केस मुळापासून कोरडे झाले. उन्हात पसरलेले असताना खोली भरून गेल्यासारखी वाटत होती.

आभार: सगळ्याचे.

गुरुवार, ३० जानेवारी

ह्यांना सुट्टी होती. हे सकाळपासून कपाट उपसत होते.

"माझा निळा सदरा कुठं गेला?"

मी म्हणाले, "धुवायला आहे." खोटं नव्हतं.

"कधी वाळणार?"

आतून वन्सं ओरडल्या, "माझे केस वाळले की तो वाळेल!"

मग सांगावंच लागलं. हे मागच्या खोलीत गेले, दांडीवर वाळत घातलेला बिनबटणांचा सदरा पाहिला. बराच वेळ पाहत होते. मला वाटलं, चिडणार. तर म्हणाले, "ताई, लहानपणी तू माझ्या डोक्याला तेल लावून वर चापट मारायचीस. फिटलं ते आता." आणि दुसरा सदरा घालून बाहेर गेले. जाताना माझ्याकडे पाहून मिशीतल्या मिशीत हसले. किती दिवसांनी.

रविवार, ९ फेब्रुवारी

आता रविवारची वाट पाहिली जाते, असं माझ्या लक्षात आलंय. वन्संकडून म्हणतेय मी. सकाळपासून फणी पुसून ठेवतात. मी मात्र नेहमीसारखं काम म्हणून करते. फक्त मोलकरणीला रविवारी दुपारी येऊ नको असं सांगितलं आहे, मध्ये मध्ये येते म्हणून.

आज माझेही केस धुतले. वन्सं म्हणाल्या, "बस इथं." डाव्या हातानं सदऱ्याची कोरडी बाजू घेऊन माझे केस टिपायला लागल्या. मी म्हणाले, "माझे काय एवढेसे, आपोआप वाळतात." तर म्हणाल्या, "उंदराची शेपटी असली म्हणून काय झालं, उंदरालाही ती लाडकीच असते." एका हातानं, हळू. मला कुणाकडून काही करून घ्यायची सवय नाही, त्यामुळं कुठं पाहावं ते कळेना. मग डोळे मिटून घेतले.

"मॅट्रिकला गणितात किती होते तुला?" मध्येच विचारलं.

"ब्याण्णव."

"ब्याण्णव!" त्यांचा हात थांबला. "आणि पुढं शिकली नाहीस?"

"वडील गेले ना. पाठच्या दोघांना शिकवायचं होतं."

पुन्हा टिपायला लागल्या आणि म्हणाल्या, "मी त्या दिवशी विचारलं होतं, तू उत्तर नव्हतं दिलंस."

म्हणजे त्याही विसरल्या नव्हत्या.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी झोळी काढली. हाड जुळलं, देवाची कृपा. पण हात खांद्याच्या वर जाणार नाही, आता कधीच नाही. जेवता येईल, लिहिता येईल, भांडी घासता येतील. केस मात्र त्यांचे त्यांना विंचरता यायचे नाहीत.

वन्संनी सगळं शांतपणं ऐकून घेतलं. घरी आल्यावर मला विचारलं, "मी गेल्यावर या मागच्या खोलीत काय ठेवणार?"

मी खरं तेच सांगितलं, "धान्याचे डबे परत येतील. स्वयंपाकघरात फार दाटी होते."

"बरं," म्हणाल्या. मग जरा वेळानं, "सोमवारी जाते. घर किती दिवस बंद ठेवायचं?"

मी म्हणाले, "तुमच्या सोयीनं." पाहुण्याला अडवू नये, त्यांना त्यांचं घर आहे, त्यांची मर्जी आहे. जन्मभर कुणाच्या घरी न राहिलेल्या माणसाला रहा म्हणणं म्हणजे अपमानच की. बरोबरच बोलले मी. तरी रात्री जेवताना त्या गप्प होत्या. कशानं बिनसलं कोण जाणे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

काल शेवटचे केस धुतले. जास्त वेळ लागला. ऊन बेताचं होतं म्हणून.

आज वन्सं गेल्या. सकाळी पिना मोजल्या, मोठ्यानं, माझ्यासमोर. सगळ्या भरल्या. साबणाची उरलेली वडी कागदात बांधून घेतली, शेकायची रबरी पिशवी मी दिली. पिशवीचा कप्पा न् कप्पा दोनदा तपासला.

बस सुटताना खिडकीतून म्हणाल्या, "तिथं गेल्यावर एखाद्या दुकानात केस कापून घेते. आता रोज कोण बघणार? तू जपलेस, तेवढं पुरे."

मी म्हणाले, "सांभाळून जा." दुसरं काही सुचलंच नाही. बस वळेपर्यंत हात हलवला.

आभार: त्या आल्या होत्या.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मागची खोली झाडायला गेले. खिडकीच्या कट्ट्यावर निळा सदरा नीट घडी करून ठेवलेला, आणि घडीच्या बरोबर मध्ये शिंगाची फणी.

विसरल्या! मी ह्यांना दाखवली, "वय झालं हो. एवढ्या पिना मोजल्या आणि फणी विसरल्या."

हे वर्तमानपत्र वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "ताई शंभर मुलींच्या सामानाची यादी तोंडपाठ म्हणायची. आजवर काही विसरलेली मी पाहिली नाही."

"मग ही कशी राहिली?"

हे म्हणाले, "तुला गणितात ब्याण्णव होते ना?" आणि पान उलटलं.

मी फणी हातात घेऊन उभी होते. खोली झाडून धान्याचे डबे इथं परत आणायचे होते. आणले नाहीत.

रविवार, २३ फेब्रुवारी

सवयीनं मोठं पातेलं भरून पाणी तापत ठेवलं. तापल्यावर लक्षात आलं. एवढा गॅस फुकट. मग त्याच पाण्यानं निळा सदरा धुतला, खळ न घालता, आणि मागच्या खिडकीत वाळत घातला. वाळत असताना खाली बसून पत्र लिहिलं. उद्या पहिल्या टपालात जाईल. नक्कल इथं उतरवून ठेवते.

"ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

इकडं सर्व ठीक. तुमचा खांदा कसा आहे? रात्री रबरी पिशवीनं शेकत जा.

तुमची फणी इथं राहिली आहे. पार्सल करणार होते, पण टपालखर्च फार सांगतात, शिवाय वाटेत दात मोडला तर तसली फणी आता मिळत नाही. तेव्हा ती मी पाठवणार नाही. इथंच आहे, खिडकीत.

धान्याचे डबे स्वयंपाकघरातच ठेवले आहेत. पहिल्यांदा दाटी वाटते, मग सवय होते. मागची खोली रिकामी आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा मी डब्यांचं सांगितलं, कारण तुम्ही खोलीचं विचारलं होतं. तुमचं विचारलं असतंत तर दुसरं सांगितलं असतं. मला कसं बोलावं ते वेळेवर सुचत नाही, लिहायला बसलं की सुचतं. राग मानू नये.

तुमच्या भावाला मी नवा सदरा घेऊन दिलेला नाही. निळ्याचा त्यांनी हक्क सोडला आहे. टॉवेल आता मऊ आहे, खळीचं नाव नाही. माझी प्रार्थना अजून तिसऱ्या ओळीत चुकते आणि सांगायला कुणी नाही.

केस अजून कापले नसतील तर कापू नका. कापले असतील तरी या, वाढतात ते. शनिवारी दुपारच्या बसला ह्यांना उभं करते. येणार की नाही, तेवढं उलट टपाली कळवा."